जमिनीवरचे अंतर, हवेतले अंतर

सिंगापूर ते न्यूयॉर्क हे अंतर सुमारे १५,३०० किलोमीटर आहे. जाताना मोजा, येताना मोजा, उन्हाळ्यात मोजा नाहीतर हिवाळ्यात, जमिनीवरचा हा आकडा हलत नाही. पोचायला किती वेळ लागतो असे विचारले, की मात्र उलट प्रश्न सुरू होतात. कुठल्या बाजूने निघालात? महिना कुठला? विमान कुठले? मधल्या कोणत्या देशांनी आपले आकाश खुले ठेवले आहे?

गेली काही वर्षे मी या प्रश्नांच्या मागे लागले आहे, आणि त्याचे कारण घरातलेच आहे. माझा मुलगा फार दूरच्या शहरात राहतो. तो यायचा असला की तिकिटाची प्रत मला पाठवतो. मी ती वाचते, पुन्हा वाचते, आणि दर वेळी एका गोष्टीपाशी अडते. मोठ्या टप्प्याचा जाण्याचा वेळ आणि येण्याचा वेळ यांत तास-दीड तासाचा फरक असतो. शहरे तीच, विमानाची जात तीच. मग हा तास जातो कुठे आणि येतो कुठून? घरात कुणाला त्याचे फारसे वाटत नाही. मला वाटते. माणूस हवेत असताना आपल्या हातात मोजण्यापलीकडे काही नसते, आणि मोजायचे तर नीट मोजावे.

आधी अंतराकडे येते. ते वहीवर पेन्सिलीने काढता येते, आणि मला ते पहिल्यांदा जमले तेव्हाचा आनंद अजून आठवतो.

सिंगापूर विषुववृत्ताच्या जेमतेम उत्तरेला आहे, साधारण १.४ अंशावर. न्यूयॉर्क उत्तरेला ४०.६ अंशावर. रेखांश पाहा: सिंगापूर पूर्वेला १०४, न्यूयॉर्क पश्चिमेला ७४. दोन्हींची बेरीज १७८, म्हणजे ही दोन शहरे पृथ्वीच्या जवळजवळ समोरासमोरच्या रेखांशांवर आहेत. त्यामुळे त्यांच्यातला सर्वांत जवळचा रस्ता पूर्वेलाही जात नाही आणि पश्चिमेलाही नाही. तो सरळ वर जातो, उत्तर ध्रुवाला जवळजवळ घासून पलीकडे उतरतो. सिंगापूरपासून ध्रुवापर्यंत ८८.६ अंश, ध्रुवापासून न्यूयॉर्कपर्यंत ४९.४ अंश, मिळून १३८. अक्षांशाच्या एका अंशाला सुमारे १११ किलोमीटर. १३८ गुणिले १११ म्हणजे १५,३१८. जगातल्या सर्वांत लांब नियमित, न थांबता होणाऱ्या विमानप्रवासाचे अंतर एका गुणाकारात हाती आले.

हे १११ किलोमीटर येतात कुठून? पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर, त्याला ३६० ने भागले की १११. आणि घेर असा गोळाबेरीज का, तर मीटर हे मापच पृथ्वीवरून बेतलेले आहे. १७९०च्या दशकात फ्रान्समध्ये ठरले की ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचे एक कोटी भाग करायचे आणि त्यातला एक भाग म्हणजे मीटर. त्यासाठी दलांब्र आणि मेशँ हे दोन खगोलशास्त्रज्ञ १७९२ पासून सहा-सात वर्षे डंकर्क ते बार्सिलोना हा पट्टा त्रिकोण टाकत मोजत राहिले, तेही राज्यक्रांतीच्या धामधुमीत. आज विमानातल्या पडद्यावर 'उरलेले अंतर' म्हणून जो आकडा झरझर उतरत असतो, त्याचे एकक त्या दोघांच्या पायपिटीतून आले आहे. वैमानिकांचे माप वेगळे, त्यांचा सागरी मैल १,८५२ मीटरचा. पण तोही पृथ्वीचाच तुकडा आहे: एका अंशाचा साठावा भाग.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते आणि ती मला फार दिलासा देते. घेर ४०,००० असेल, तर पृथ्वीवरची कुठलीही दोन ठिकाणे एकमेकांपासून २०,००० किलोमीटरपेक्षा फारशी दूर असूच शकत नाहीत. त्यापुढे गेले की माणूस दुसऱ्या बाजूने जवळ यायला लागतो. दूरपणाला कमाल मर्यादा आहे.

विमान अकरा किलोमीटर उंचीवरून जाते, मग वरचा कंस मोठा होत नाही का, असे मला एकदा वाटले होते. होतो, पण किती? १५,३०० किलोमीटरच्या वाटेवर जेमतेम २६ किलोमीटर, म्हणजे दोन मिनिटांचेही काम नाही. उंची हिशेबात धरायलाच नको.

भिंतीवरच्या नकाशाने मात्र आपली नजर बिघडवून ठेवली आहे. मर्केटरने १५६९ मध्ये जो नकाशा काढला तो जहाजांसाठी होता. होकायंत्राची एक दिशा धरून चालले तर त्या नकाशावर वाट सरळ रेषेत दिसते, आणि खलाशाला तेच हवे होते. पण सरळ दिसणारी ती रेषा सर्वांत जवळची नसते. हे तपासायचे तर पृथ्वीचा गोल घ्यावा आणि दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरावा. दोरा आपोआप जिथे स्थिरावतो तो ग्रेट सर्कल मार्ग.

सिडनी आणि सांतियागो यांच्यामध्ये दोरा ताणून पाहाच. दोन्ही शहरे दक्षिणेला जवळजवळ एकाच अक्षांशावर, ३४ अंशांच्या आसपास. नकाशा म्हणतो, नाकासमोर पूर्वेला निघा, पॅसिफिक ओलांडा, पोचाल. तसे गेले तर अंतर सुमारे १२,८०० किलोमीटर भरते. दोरा मात्र खाली दक्षिणेला झुकतो, ६२ अंशांच्या जवळ, जिथून अंटार्क्टिका फार लांब नाही. तो मार्ग ११,३०० किलोमीटरचा आहे. दोन समशीतोष्ण शहरांमधली वाट हिमनगांच्या समुद्रावरून जाते आणि तरी दीड हजार किलोमीटर वाचतात. मी गोलावर दोरा धरला तेव्हा माझा विश्वास बसेना, म्हणून सोडला आणि पुन्हा ताणला. तो तिथेच गेला.

इथवर भूमिती होती. पुढे वारा येतो, आणि माझा खरा जीव त्यातच अडकला आहे.

प्रवासी विमान त्या उंचीवर ध्वनीच्या वेगाच्या साधारण ८५ टक्के वेगाने जाते, म्हणजे ताशी सुमारे ९०० किलोमीटर. पण हा वेग हवेतला असतो. ती हवा स्वतःच कुठेतरी निघालेली असेल, तर जमिनीवरचा वेग वेगळा पडतो. वाहत्या नदीतल्या होडीचे जसे, तसेच हे.

आता एक हिशेब मांडते. दोन शहरे ७,२०० किलोमीटर दूर आहेत असे धरू. वारा नसेल तर जायला ८ तास, यायला ८ तास, एकूण १६. ताशी १०० किलोमीटरचा वारा पाठीशी असेल तर वेग १,००० होतो आणि प्रवास ७ तास १२ मिनिटांत आटोपतो. परतताना तोच वारा समोरून, वेग ८०० आणि प्रवास ९ तासांचा. बेरीज १६ तास १२ मिनिटे. वाऱ्याने जाताना ४८ मिनिटे दिली आणि येताना ६० घेतली. वारा दोन्ही वेळा सारखाच होता, तरी हिशेब जुळत नाही. कारण पाठीवरच्या वाऱ्यात विमान कमी वेळ राहते आणि समोरच्या वाऱ्यात जास्त. मदत लवकर संपते, अडथळा मात्र तासन्‌तास पुरतो. वारा कितीही असो आणि कुठल्याही दिशेचा असो, दिवसभर तसाच वाहत राहिला तर जाऊन-येऊन होणारा प्रवास वारा नसतानापेक्षा लांबच होतो.

याच हिशेबाकडे दुसऱ्या बाजूने पाहिले तर जास्त उलगडते. जाताना विमान ७ तास १२ मिनिटे ९०० च्या वेगाने हवा कापत होते, म्हणजे त्याने ६,४८० किलोमीटर हवा कापली. येताना ९ तास, म्हणजे ८,१०० किलोमीटर. खाली जमीन दोन्ही वेळा ७,२०० च होती. विमानाला जमिनीशी कर्तव्य नाही. त्याचे इंधन हवा कापण्यात जळते. जमिनीवर ज्या दोन शहरांमध्ये एकच अंतर आहे, त्यांच्यामध्ये हवेत दोन अंतरे आहेत आणि ती रोज बदलतात. मुलाच्या तिकिटावरचा तो तास मला इथे सापडला.

हा वारा साधासुधा नाही. ध्रुवाकडची थंड हवा आणि विषुववृत्ताकडची उष्ण हवा यांच्या तापमानातला फरक आणि पृथ्वीचे फिरणे, या दोन्हींतून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारे हवेचे अरुंद, नागमोडी पट्टे तयार होतात. हेच जेट प्रवाह. हिवाळ्यात तापमानातला फरक वाढतो, म्हणून तेव्हा ते जोरात असतात.

त्यांची पहिली पद्धतशीर मोजणी जपानमध्ये झाली. वासाबुरो ओइशी हे तातेनो इथल्या वेधशाळेचे संचालक होते. १९२०च्या दशकात ते फुगे सोडून दुर्बिणीतून त्यांचा माग काढत, आणि वर, फार वर, वारा विलक्षण वेगाने धावतो हे त्यांच्या लक्षात आले. जगाला समजावे म्हणून त्यांनी १९२६ मध्ये आपला अहवाल एस्परांतो या जागतिक म्हणून रचलेल्या भाषेत छापला. जगातल्या शास्त्रज्ञांपैकी ती भाषा वाचणारे फारच थोडे होते. अहवाल पडून राहिला. ज्या माणसाला आपले म्हणणे सगळ्यांपर्यंत पोचावे असे इतके मनापासून वाटले, त्याचेच कुणी वाचले नाही, याची मला आजही चुटपुट लागते. दुसऱ्या महायुद्धात उंचावरून जपानवर जाणाऱ्या अमेरिकी बॉम्बर विमानांना हा वारा आयत्या वेळी भेटला, आणि त्यांचे वेगाचे आणि नेमाचे सगळे आडाखे कोलमडले.

नागरी विमानांनी तो कामाला लावला १९५२ मध्ये. अमेरिकेच्या पॅन ॲम कंपनीचे टोकियो-होनोलुलू विमान या प्रवाहात शिरले आणि १८ तासांचा प्रवास साडेअकरा तासांवर आला. इंजिन नवे नव्हते, यंत्रात काही बदल नव्हता. हवेतली योग्य जागा तेवढी सापडली होती.

फेब्रुवारी २०२० मध्ये अटलांटिकवर एक मोठे वादळ चालू असताना ब्रिटिश एअरवेजचे ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचले. एरवी या प्रवासाला सहा-साडेसहा तास लागतात. त्याचा जमिनीवरचा वेग एका क्षणी ताशी १,३२७ किलोमीटर होता. ध्वनीपेक्षा जास्त म्हणावा असा हा आकडा. पण आजूबाजूच्या हवेच्या तुलनेत विमान नेहमीच्याच वेगाने चालले होते, त्यामुळे ध्वनीची भिंत वगैरे काही ओलांडली गेली नाही. आतल्या माणसांना खिडकीतून वेगळे काही जाणवलेही नसेल.

अटलांटिकवरच्या वाटा रोज नव्याने आखतात, हे मला फार सुंदर वाटते. कॅनडाच्या बाजूला गँडर आणि युरोपच्या बाजूला शॅनविक अशी दोन नियंत्रण केंद्रे आहेत. त्या दिवशीचा वारा बघून समुद्रावरच्या समांतर वाटांचा आराखडा ठरतो. पूर्वेला जाणाऱ्यांना प्रवाहाच्या पोटात घालायचे, पश्चिमेला जाणाऱ्यांना त्याच्यापासून दूर ठेवायचे. कालची वाट आज नसते.

आणि मग सिंगापूर-न्यूयॉर्क. ध्रुवावरून जाणारा तो सर्वांत जवळचा रस्ता कित्येकदा कुणी घेतच नाही. सिंगापूरहून निघालेले विमान बहुतेक वेळा उत्तर पॅसिफिकवरून पूर्वेला जाते, वारा पाठीशी घेऊन. न्यूयॉर्कहून निघालेले विमान अटलांटिक ओलांडून युरोपवरून, म्हणजे तेही पूर्वेलाच जाते, आणि वारा पुन्हा पाठीशी. जाऊन-येऊन माणसाची पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण होते. जमिनीवरचे अंतर हजारभर किलोमीटरने वाढले तरी चालते, कारण हवेतले अंतर घटलेले असते. शहरे पृथ्वीच्या समोरासमोर असली तरच ही युक्ती साधते. वर मांडलेला जाण्या-येण्याचा तोटा टाळण्याची एवढी एकच वाट मला आढळली, आणि ती ज्यांनी शोधली त्यांच्याबद्दल मनात आदर आहे.

एक शंका हमखास निघते: पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, तर पश्चिमेला निघालेल्या विमानाखाली शहर आपणच सरकत येऊन प्रवास लवकर का संपत नाही? कारण हवाही पृथ्वीबरोबरच फिरते, आणि विमानही धावपट्टीवर उभे असताना फिरतच असते. हेलिकॉप्टर तासभर एका जागी तरंगत ठेवले तरी खालचे गाव बदलत नाही. पृथ्वीच्या फिरण्याचा विमानाच्या वेळेवर परिणाम होतो, पण तो वाऱ्याच्या वाटेने होतो.

वारा निदान कुणाचे नाव-गाव विचारत नाही. माणसांनी आखलेल्या सीमा विचारतात. हेलसिंकी आणि टोकियो या दोन शहरांची गोष्ट मी त्यासाठी पुन्हा पुन्हा वाचते.

ही शहरे एकमेकांपासून सुमारे ७,८०० किलोमीटरवर, आणि मधला बहुतेक रस्ता रशियावरून. शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत आकाश पाश्चात्त्य विमानांना बंद होते. म्हणून स्कॅन्डिनेव्हियन एअरलाइन्सने १९५७ मध्ये कोपनहेगनहून ध्रुवावरून अलास्कातल्या अँकरेजला आणि तिथून टोकियोला अशी वाट सुरू केली. इंधनासाठी थांबणाऱ्या विमानांमुळे अँकरेजसारखे दूरचे, बर्फातले शहर जगाचा चौक होऊन बसले. १९८३ मध्ये फिनलंडच्या फिनएअर कंपनीने न थांबता, ध्रुवावरून वळसा घेत, हेलसिंकीहून टोकियो गाठायला सुरुवात केली. सुमारे १३ तास लागत. पुढे सायबेरियावरची वाट खुली झाली आणि प्रवास नऊ-साडेनऊ तासांवर आला. फिनएअरने आपला सगळा व्यवसाय या जवळच्या वाटेवर उभा केला. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाले, युरोप आणि रशिया यांनी एकमेकांची आकाशे बंद केली, आणि हेलसिंकी-टोकियो प्रवास पुन्हा १३ तासांवर गेला. चाळीस वर्षांत इंजिने सुधारली, विमाने हलकी झाली, हवामानाचे अंदाज अचूक झाले. ते सगळे एका निर्णयाने पुसले गेले. विमाने पुन्हा ध्रुवावरून जाऊ लागली आणि प्रवाशांना ध्रुव ओलांडल्याची प्रशस्तिपत्रके मिळू लागली.

त्या प्रशस्तिपत्रकाचे कौतुक मला पूर्णपणे करता येत नाही. विमान कंपनीने आपल्या हातात होते तेवढे केले, तो भाग वेगळा. पण शहरे जागच्या जागी असताना त्यांच्यामधले चार तास युद्धाने वाढवले, आणि ते चार तास लेकीकडे निघालेल्या, आजारी माणसाला बघायला निघालेल्या, कुणाही माणसाच्या आयुष्यातून गेले. युद्धाच्या नुकसानीत हे कुणी धरत नाही. ज्यांच्या घरांवर बॉम्ब पडले त्यांच्यापुढे ते धरूही नये. तरीही ते आहे.

एका इंजिनाच्या भीतीनेही वाटा वाकतात. दोन इंजिनांच्या विमानाचे एक बंद पडले तर उरलेल्या एकावर किती वेळात विमानतळ गाठता आला पाहिजे, याचे नियम आहेत. आधी ही मर्यादा ६० मिनिटे होती, १९८५ पासून १२० झाली, पुढे १८०, आणि आता काही विमानांना ३७० मिनिटांपर्यंत मुभा आहे. दक्षिण गोलार्धात तिचे महत्त्व कळते, कारण तिथे समुद्रच समुद्र आहे. मगाशी दोऱ्याने दाखवलेली सिडनी-सांतियागोची वाट दोन इंजिनांच्या विमानाला कितपत दक्षिणेला झुकू द्यायची, हे या मिनिटांवर ठरते.

वेळ कमी करण्याची माणसाची धडपड मात्र फार जुनी नाही आणि फार वेगाने झाली. १९१९ मध्ये रॉस आणि कीथ स्मिथ हे भाऊ दोन मेकॅनिकांसह लंडनजवळून निघाले आणि डार्विनला पोचायला त्यांना २८ दिवस लागले. १ डिसेंबर १९४७ रोजी ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीचे कॉन्स्टेलेशन विमान २९ प्रवाशांना घेऊन सिडनीहून लंडनला निघाले. चार दिवस लागले, मध्ये सहा थांबे झाले. मार्च २०१८ मध्ये पर्थहून निघालेले विमान सुमारे १४,५०० किलोमीटर न थांबता उडून १७ तासांत लंडनला उतरले.

या सगळ्यात माझे मन गुंतते ते १९४३ च्या उड्डाणांमध्ये. जपानने सिंगापूर घेतले होते, ऑस्ट्रेलियाचा हवाई संपर्क तुटला होता. तेव्हा क्वांटासने कॅटॅलिना नावाच्या सागरी विमानांनी पर्थहून सिलोनमधल्या कोग्गला सरोवरापर्यंत टपाल आणि माणसे न्यायला सुरुवात केली. इंधनच इतके भरावे लागे की जास्तीत जास्त तीन प्रवासी बसत. शत्रूला कळू नये म्हणून रेडिओ बंद, दिशा ताऱ्यांवरून. सुमारे साडेपाच हजार किलोमीटरच्या या वाटेला २७ ते ३३ तास लागत. आत बसलेल्यांना एकाच प्रवासात दोन सूर्योदय दिसत, आणि त्यावरूनच त्या उड्डाणांना नाव पडले. आजचे विमान तेवढे अंतर सहा-सात तासांत कापते. त्या तीन प्रवाशांना दुसरा सूर्योदय दिसला असेल तेव्हा काय वाटले असेल, याचा विचार मी अनेकदा करते. अजून पाणीच पाणी, पण निम्म्याच्या पुढे आलो.

तेव्हापासून वेळ घटला तो दोन टप्प्यांत. आधी वेग वाढला, मग थांबे गळाले. वेग वाढण्याचे दिवस १९५८ मध्येच संपले. त्या वर्षी जेट विमाने अटलांटिक नियमित ओलांडू लागली, आणि त्यानंतर सर्वसामान्य प्रवासी विमानाचा वेग वाढलेला नाही. इंधन वाचवायला तो थोडा घटलाच आहे. ध्वनीपेक्षा वेगाने उडणारे कॉन्कॉर्ड विमान हा एकच मोठा अपवाद, १९७६ ते २००३. ७ फेब्रुवारी १९९६ रोजी ते न्यूयॉर्कहून लंडनला २ तास ५२ मिनिटे ५९ सेकंदांत पोचले. पश्चिमेला जाताना ते सूर्यालाही मागे टाकी: लंडनहून सकाळी निघालेला माणूस न्यूयॉर्कला निघण्याच्या वेळेआधीच, तिथल्या घड्याळानुसार, उतरत असे. ते गेले आणि मोठे प्रवासी विमान पुन्हा ताशी ९०० किलोमीटरवर आले. आजची वाढ सगळी सहनशक्तीची आहे. सिंगापूर-न्यूयॉर्कच्या विमानात १,६५,००० लिटर इंधन मावते आणि माणसे बसतात फक्त १६१.

तिकिटावरचा वेळ हाही निव्वळ उडण्याचा नसतो, हे मुलाची वाट बघताना शिकले. विमान गेटवरून मागे सरकते तेव्हा तो सुरू होतो आणि पलीकडच्या गेटला लागून चाके अडवली जातात तेव्हा संपतो. धावपट्टीकडे रांगत जाणे, आकाशात घिरट्या घालत उतरण्याची पाळी येणे, हे सगळे त्यात धरलेले असते. गर्दीच्या विमानतळांसाठी कंपन्या थोडा वेळ वरचा घालूनच ठेवतात. म्हणून उशिरा सुटलेले विमान कधीकधी वेळेवर पोचते, आणि वारा चांगला असला तर आधीही. मी नकाशावर त्याचे विमान बघत बसलेली असते. ते उतरते, चिन्ह थांबते, आणि तरी 'आई, उतरलो गं' असा निरोप यायला वेळ लागतो. मधली ती मिनिटे ताशी वीस-तीस किलोमीटरने, खाली जमिनीवर, चाललेली असतात. सगळ्या वाटेत तीच मला सर्वांत लांब वाटतात.

शरीराचा हिशेब आणखी वेगळा. आपले आतले घड्याळ २४ तासांपेक्षा किंचित मोठे असते, त्यामुळे दिवस लांबवणे त्याला सोपे जाते आणि आखडणे अवघड. पश्चिमेला गेलेला माणूस लवकर सावरतो, पूर्वेला गेलेला दिवसेंदिवस अवेळी जागा राहतो. वाऱ्यामुळे पूर्वेचा प्रवास लवकर होतो, आणि नेमका तोच अंगावर जास्त दिवस राहतो. मुलगा कुठल्या बाजूने आला आहे हे मला त्याच्या झोपेवरून सांगता येईल.

आता क्वांटासची तयारी चालू आहे ती सिडनीहून लंडनला सलग जाण्याची. सुमारे १७,००० किलोमीटर, २० ते २२ तास, त्यासाठी एअरबसच्या विमानात २०,००० लिटरची जादा टाकी. २००५ मध्ये बोइंगने एक ७७७ विमान हाँगकाँगहून पूर्वेकडून वळसा घेत लंडनला नेले होते, २१,६०२ किलोमीटर, २२ तास ४२ मिनिटे, पण ते विक्रमासाठी. आता तिकीट काढून बसणारी माणसे तसे उडतील. मुलगा म्हणतो, हेच बरोबर आहे, एकदा बसले की थेट घरी. मला ते पटत नाही. इतक्या लांबच्या उड्डाणात पहिले कित्येक तास विमान शेवटच्या तासांचे इंधन वाहून नेण्यासाठीच इंधन जाळत असते. मध्ये एकदा उतरून भरले तर एकूण कमी लागते, आणि माणसाला दोन-तीन तास जमिनीवर चालता येते. तो म्हणतो, ते तीन तास तुला माझ्याबरोबर मिळाले असते. यावर मला अजून उत्तर सुचलेले नाही. त्याच्या शहरापर्यंत सलग विमान नाहीच, त्यामुळे पुढच्या वेळचे तिकीट मधल्या थांब्याचे आहे: येताना वारा पाठीशी, जाताना समोरून, दोन्ही टप्पे मिळून पावणेदोन तासांचा फरक.